सोडल्यानंतरचे काम

दारू सोडायला मला डॉक्टरांची आणि औषधांची मदत झाली, आणि तो भाग तसा लवकर आटोपला. त्यानंतर दारूविना राहण्याचे जे काम सुरू झाले ते मी बराच काळ एकट्याने, बाहेरच्या कोणालाही त्यात न घेता करीत राहिलो, आणि ते जमतही होते. जमत असतानाच अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे आपली ओळख बाहेर न सांगता एकमेकांच्या आधाराने दारूविना राहणाऱ्यांच्या मंडळाच्या, सभेला जावे की नाही, हा विचार मनात आला आणि कित्येक महिने रेंगाळला. त्या काळात कोणत्या शंका आल्या, त्यांतील कोणत्या टिकल्या आणि कोणत्या गळून पडल्या, हे इथे लिहितो. कारण गोव्यात, देवळांच्या आवतीभोवती वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाला जे प्रश्न पडतात त्यांची उत्तरे व्यसनमुक्तीच्या छापील पुस्तिकांत मला सापडली नव्हती.

आधी पहिल्या भागाविषयी थोडक्यात. मी रोज पिणारा होतो, आणि रोज पिणाऱ्याने एके दिवशी निश्चय करून घरच्या घरी दारू एकदम बंद करणे धोक्याचे असते, हे बांबोळीच्या मनोविकार आणि मानवी वर्तन संस्थेतील डॉक्टरांनी सांगेपर्यंत मला ठाऊक नव्हते. शेवटच्या पेल्यानंतर काही तासांतच हात कापू लागतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत काहींना फिट येते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होऊन नसलेली माणसे आणि नसलेले किडे दिसू लागतात. या अवस्थेत उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावूही शकतो. म्हणून क्लोरडायझेपॉक्साइडच्या गोळ्या आधी भरपूर आणि मग कमी कमी करीत देतात, आणि त्याबरोबर थायमिनची, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाची, इंजेक्शने देतात. फार पिणाऱ्याच्या शरीरात हे जीवनसत्त्व पुरेसे नसते आणि त्याच्या अभावी मेंदूला कायमची इजा होऊ शकते. ‘मनात आणले तर आज सुटेल’ असे सांगणारे आमच्या गावात आजही पुष्कळ भेटतात, पण त्यांच्या भरवशावर कोणी आपल्या भावाला खोलीत कोंडून ठेवू नये. १४४४६ ही व्यसनमुक्तीसाठीची आणि १४४१६ ही टेलिमानसची, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीची, अशा केंद्र सरकारच्या दोन दूरध्वनी सेवा आहेत. जवळ डॉक्टर नसेल तर निदान तिथे विचारावे.

घरी आल्यावर डायसल्फिरामची गोळी चालू झाली. सकाळच्या चहाबरोबर बायको ती हातावर ठेवी आणि मी तिच्या देखत घेई. हे आम्ही दोघांनी डॉक्टरांसमोर ठरवले होते. दारू पोटात गेल्यावर तिच्यापासून जे ॲसिटाल्डिहाइड तयार होते ते ही गोळी पुढे मोडू देत नाही, त्यामुळे वर दारू घेतली तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, आणि गोळी बंद केल्यावरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. याच काळात माझ्या लक्षात आले की आईच्या फडताळातील द्राक्षासवाच्या बाटलीवरही त्यात आपोआप तयार झालेल्या अल्कोहोलचे प्रमाण छापलेले असते. आसवे आणि अरिष्टे ही आंबवूनच करतात, तेव्हा त्यात नवल नाही. पण आई ते औषध म्हणून घेत होती आणि अशक्तपणासाठी मलाही देऊ पाहत होती. बाटली आईकडेच राहिली, माझा वाटा बंद झाला.

गोव्यात दारूपासून लांब राहायचे तर वर्षभराचा हिशेब निराळा मांडावा लागतो. फेब्रुवारी-मार्चपासून काजूची बोंडे पडू लागली की ती तुडवून रस काढतात, भाट्या पेटतात, आणि पहिल्या उकळीचा हुर्राक मे महिन्यापर्यंत घरोघर फिरतो. तोच पुन्हा उकळला की फेणी होते, जिच्यात अल्कोहोलचे प्रमाण ४२.८ टक्के असते. काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा अभिमान मलाही वाटतो. पण तेव्हापासून तिला नको म्हणणारा माणूस गोंयकारपणालाच नको म्हणतो की काय, अशा नजरेने लोक पाहतात. जूनच्या चोवीस तारखेला सांजाव, म्हणजे सेंट जॉनचे फेस्त, मग चवथीला मुंबईहून आलेले चुलतभाऊ आणि त्यांच्या बॅगांतील बाटल्या, मग जत्रा, मग डिसेंबर. आमच्याकडे देवचारालासुद्धा रोट आणि विडी यांच्याबरोबर सोरो, म्हणजे दारू, ठेवतात. तो राखणदार रात्रभर गाव राखतो आणि त्याला कोणी कधी व्यसनी म्हणत नाही.

सोडल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात आमचे शेजारी पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीत हुर्राक घेऊन सोप्यावर येऊन बसले. दरवर्षी पहिल्या भाटीचा हुर्राक ते असाच आणतात, हा त्यांच्या बाजूने लोभच. लिंबू त्यांनीच कापले, हिरवी मिरची उभी चिरून पेल्यात टाकली, चिमूटभर मीठ घातले, वर लिमका ओतली, आणि तो पिकलेल्या बोंडांचा वास सोप्यावरून थेट माजघरापर्यंत गेला. मी डॉक्टरांची गोळी चालू असल्याचे सांगितले. “अरे, हुर्राक म्हळ्यार सोरो न्हय, फळाचो रोस तो,” असे म्हणून त्यांनी पेला माझ्यासमोर ठेवला. शेवटी तो त्यांनीच संपवला, आणि मी सोलकढीचा तांब्या मांडीवर घेऊन त्यांच्याशी पंचायतीतल्या गोष्टी बोलत बसलो. बोलणे नेहमीसारखेच झाले. पण त्या दिवसानंतर मे संपेपर्यंत मी मागच्या दाराने ये-जा करू लागलो. सकाळी काढलेला नीरो, म्हणजे बोंडांचा ताजा रस, तोसुद्धा बंद केला, कारण उन्हाळ्यात तो दुपारपर्यंत आंबू लागतो आणि नेमका केव्हा त्याची दारू होते हे जिभेवर सोपवणे मला परवडणारे नव्हते.

मागचे दार हीच पुढे माझी रीत झाली. आमच्या गावच्या जत्रेला दरवर्षी गावकऱ्यांचे नाटक होते आणि ऐन तारुण्यापासून मी त्यात कामे करीत आलो होतो. तालीम अग्रशाळेत, म्हणजे देवळालगतच्या धर्मशाळेत, होई, आणि ती संपली की मंडळी नाक्यावरच्या बारमध्ये जमत. कोणाचा प्रवेश लांबला, कोणाचे पाठांतर कच्चे आहे, याची खरी चर्चा तिथेच रंगे. मी तालमीला जाणे सोडले. लग्नाला मुहूर्तावर जाऊन अक्षता टाकून परतू लागलो आणि संध्याकाळचा स्वागत समारंभ टाळू लागलो. मी सरकारी कार्यालयात लेखा विभागात काम करतो; तिथल्या निवृत्तीच्या मेजवान्यांना पाकीट पाठवून देई. यांपैकी प्रत्येक निर्णय त्या त्या वेळी शहाणपणाचा होता आणि सुरुवातीच्या महिन्यांत डॉक्टरही तेच सुचवतात. फक्त तो तात्पुरता असावा लागतो, आणि माझा तात्पुरता राहिला नाही. गोव्यात जिथे म्हणून माणसे जमतात तिथे बहुधा बाटलीही असते, त्यामुळे बाटली टाळता टाळता माणसेच सुटत गेली. बायको एके दिवशी सरळ म्हणाली, “अहो, आता तुम्ही पीत नाही, पण बोलतही नाही.”

पुढच्या तपासणीच्या वेळी समुपदेशक बाईंनी मला विचारले की दारू प्यावीशी वाटते तेव्हा तुम्ही ते कोणाला सांगता. मी म्हणालो, बायकोला. त्या म्हणाल्या, त्यांना काळजी वाटेल म्हणून त्यातले निम्मे तुम्ही गाळत असाल. ते खरे होते. ज्याने स्वतः सोडली आहे असा एक तरी माणूस ओळखीचा आहे का, असे त्यांनी विचारले, आणि मला कोणाचेही नाव सांगता आले नाही. तेव्हा त्यांनी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचे, म्हणजे एएचे, नाव काढले.

माझा पहिला प्रश्न साधा होता: मी पीत नाही, तर मी तिथे कशाला जाऊ? अशी मंडळे अजून पिणाऱ्यांसाठी असतात अशी माझी समजूत होती. ती दूर झाली ती एएच्या आरंभाची हकिगत वाचल्यावर. बिल विल्सन हा न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात काम केलेला माणूस डिसेंबर १९३४ पासून दारूविना होता. १९३५ च्या मे महिन्यात तो कामासाठी ओहायो राज्यातील ॲक्रन शहरी गेला, ते काम फसले, आणि हॉटेलच्या दालनात उभा असताना शेजारच्या बारमधला गलका त्याच्या कानी पडला. तेव्हा त्याने बारऐवजी टेलिफोन गाठला, आणि चर्चमधल्या लोकांना फोन करकरून, मला या गावात एखादा दारूडा भेटवून द्या, अशी विनवणी केली. त्यातून ज्यांची गाठ पडली ते डॉ. बॉब स्मिथ, तिथले शल्यविशारद. त्यांनी १० जून १९३५ रोजी शेवटचा पेला घेतला आणि तोच दिवस एए आपला स्थापनादिन मानते. म्हणजे हे सारे सुरू झाले ते काही महिने दारूविना काढलेल्या आणि त्या दिवशी एकट्याने निभेल याची खात्री न उरलेल्या माणसाच्या गरजेतून. ही गरज मला ओळखीची वाटली.

याचा उपयोग खरोखर होतो का, हेही मला पाहायचे होते. हिशेबाच्या कामात आयुष्य गेल्यामुळे नुसत्या अनुभवाच्या बोलांवर माझे समाधान होत नाही. बाईंनी २०२० साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्याची, म्हणजे अनेक अभ्यास एकत्र तपासून काढलेल्या निष्कर्षांची, माहिती दिली. त्यात २७ अभ्यास आणि १०,५६५ व्यक्ती यांचा एकत्रित विचार केलेला आहे, आणि एए व तिच्या बारा पायऱ्यांशी, म्हणजे सभासदाने एकेक करून पार करायच्या टप्प्यांशी, जोडणारे पद्धतशीर उपचार हे, सलग दारूविना राहण्याच्या बाबतीत, इतर प्रस्थापित उपचारांहून सरस ठरले. इतर बाबतींत ते साधारण त्यांच्या बरोबरीचे होते. गोव्यात झालेले एक कामही त्यांनी सांगितले, ते मला अधिक जवळचे वाटले. ‘संगत’ या इथल्या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३७७ पुरुषांवर केलेली चाचणी २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. मानसोपचाराचे शिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना तयार करून त्यांच्याकडून थोडक्या भेटींत समुपदेशन करवले, तर तीन महिन्यांनी ३६ टक्के लोकांचे पिणे धोक्याच्या रेषेखाली आले होते, आणि ज्यांना फक्त थोडी सुधारलेली नेहमीची देखभाल मिळाली त्यांच्यात हे प्रमाण २६ टक्के होते. ती चाचणी दारूवर पुरते अवलंबून झालेल्यांसाठी नव्हती, त्यामुळे माझ्यासारख्याला ती जशीच्या तशी लागू होत नाही. तरीही पदवी नसलेल्या, पण ऐकून घ्यायला शिकलेल्या शेजाऱ्यासारख्या माणसाने फरक पडतो, एवढे तरी तिने आमच्याच दवाखान्यांत दाखवून दिले.

तरीही मी गेलो नाही, आणि त्याचे कारण गाव हे होते. एएत कोण येते हे बाहेर सांगत नाहीत, पण गोव्यात नाव लपवून राहता येते, ही कल्पनाच करमणुकीची आहे. इथे फोंड्याच्या बाजारात पाव घ्यायला थांबलेल्या माणसाने कोणती मासळी नेली हे तो घरी पोहोचायच्या आत बायकोला कळलेले असते. सभेबाहेर लावलेली स्कूटर कोणाची हे सांगायला तिचा क्रमांकही वाचावा लागत नाही. मला भीती वाटे ती कार्यालयात कळण्याची नव्हे, तिथे माझे पिणे कोणापासून लपलेले नव्हते. भीती होती ती मुलीच्या सोयरिकीची बोलणी चालू असताना कोणी तरी, ‘बाप तिथे जातो ना,’ असे म्हणेल याची. बाप बारमध्ये जात होता तेव्हा हे कोणी म्हणाले नव्हते, हा मुद्दा पुढे बायकोनेच काढला, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

दुसरी अडचण अधिक खोल होती. सभा बहुधा चर्चच्या किंवा एखाद्या शाळेच्या सभागृहात भरतात, आणि १९३९ साली पुस्तकात छापल्या गेलेल्या त्या बारा पायऱ्यांपैकी निम्म्या पायऱ्यांत देवाचा किंवा आपल्याहून थोर शक्तीचा उल्लेख आहे. एएची मुळे ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीत आहेत, हे मी वाचले होते. आमच्या शेजारधर्मात चर्चच्या फेस्ताला जाणे आणि त्यांनी आमच्या जत्रेला येणे हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे, त्यामुळे चर्चच्या दारात शिरण्याचा संकोच नव्हता. पण तिथे बसून स्वतःविषयी बोलायचे, आणि तेही दुसऱ्याच्या देवासमोर, हे मनाला पटत नव्हते. शिवाय आपल्याकडे माळ आहेच की, असे वाटे. माझे एक चुलते पंढरपुरात तुळशीची माळ घालून आले आणि त्यानंतर दारूला शिवले नाहीत. माळेचे बळ मी जवळून पाहिले आहे. माळकऱ्याला कोणी आग्रह करीत नाही. एकादशीला, सप्ताहाला, दर आठवड्याच्या भजनाला तीच माणसे भेटतात, आणि एखादा दोन वेळा दिसला नाही की कोणी तरी घरी विचारायला येते. मी माळ का घातली नाही याचे एक कारण मासे, आणि ते मी मोकळेपणाने सांगतो. गोव्यात मासे सोडणे हे दारू सोडण्याहून कठीण आहे.

पण दुसरे कारण विचार करताना हळूहळू स्पष्ट झाले. माळ घातलेला माणूस घसरला तर त्याला तोंड दाखवायला जागा राहत नाही. आमच्याच नात्यात एकाने माळ काढून खुंटीला अडकवली आणि त्यानंतर तो भजनाला तर गेला नाहीच, पण देवळाची पायरीही चढला नाही. व्रत मोडल्याच्या लाजेत त्याची दारू आधीपेक्षा वाढली. एएच्या बारा परंपरा, म्हणजे मंडळ चालवण्याचे नियम, आहेत; त्यांतील तिसरीत सभासद होण्यासाठी एकच अट आहे, ती म्हणजे दारू सोडण्याची इच्छा. सोडलेली असण्याची अट नाही. काल पिऊन आलेला माणूस आज त्याच खुर्चीवर बसून ते सांगू शकतो. माझ्यासारख्या, घसरण्याची शक्यता मनोमन धरून चालणाऱ्या माणसाला ही सोय माळेपेक्षा अधिक उपयोगाची वाटली, आणि त्यानंतर देवाचा प्रश्न पूर्वीइतका मोठा राहिला नाही. पायऱ्यांच्या मूळ पाठातही, आम्हाला तो जसा उमगला तसा देव, असे शब्द घातलेले आहेत. मला उमगलेला देव आमच्या गावच्या देवळात आहे, आणि तो उत्तरेकडच्या बार्देश तालुक्यातल्या सभागृहात माझ्याबरोबर यायला हरकत घेईल असे वाटले नाही.

बार्देशात, कारण जवळची सभा सोडून मी मुद्दाम दूरची निवडली होती. खुली सभा होती. अशा सभेला कोणीही, घरची माणसेसुद्धा, जाऊ शकतात, तर बंद सभा फक्त ज्यांना दारूचा त्रास आहे त्यांच्यासाठी असते. म्हापशाच्या बसमधून उतरून चालत गेलो, स्कूटर घरी ठेवली. सभागृहात पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या अर्धवर्तुळात मांडल्या होत्या, भिंतीवर एका बाजूला बारा पायऱ्यांचा आणि दुसऱ्या बाजूला बारा परंपरांचा फलक टांगला होता, आणि दाराशी टेबलावर चहाची मोठी किटली, काचेचे पेले आणि ग्लुकोजची बिस्किटे होती. चहा अती गोड होता. दारू सोडलेल्यांना गोडाची ओढ लागते हे मला स्वतःवरून माहीत होते, त्यामुळे तो तसा का हे विचारावे लागले नाही. खुर्ची शोधत असताना समोरून एक ओळखीचा चेहरा आला. ते आमच्याच तालुक्यातले, देवस्थानाच्या कामात पुढे असणारे गृहस्थ. आम्ही क्षणभर एकमेकांकडे पाहत राहिलो. “तुम्ही इतक्या लांब?” असे मी विचारले. “तुम्ही आलात त्याच कारणासाठी,” असे ते म्हणाले, आणि मला शेजारची खुर्ची दिली.

तिथे इतरांनी जे सांगितले ते मी इथे लिहिणार नाही. ते त्यांचे आहे, आणि ते बाहेर जात नाही या भरवशावरच सारे बोलतात. रीत तेवढी सांगतो. आरंभी एक ठरलेला मजकूर वाचला जातो. मग एकेक जण आपले नाव सांगून बोलतो, कोणी कोकणीत, कोणी इंग्रजीत, कोणी हिंदीत, आणि मी बोललो तेव्हा मराठीत. ज्याला बोलायचे नसेल तो पुढच्याकडे खूण करतो. बोलणाऱ्याला मध्येच कोणी तोडत नाही आणि त्याचे झाल्यावर कोणी सल्ला देत नाही. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यांत विलक्षण वाटली. आपल्याकडे दुःख सांगितले की समोरचा उपाय सांगतो, किंवा त्याहून मोठे स्वतःचे दुःख काढतो. इथे माणसाचे बोलून होते, लोक धन्यवाद म्हणतात, आणि पुढचा बोलू लागतो. सल्ला न मिळाल्यामुळे माझ्याच वाक्यांकडे मला घरी जाईपर्यंत पाहावे लागले. शेवटी सारे उभे राहून शांतीची प्रार्थना म्हणतात. ती मी अजूनही म्हणत नाही, नुसता उभा राहतो, आणि आजवर कोणी त्याविषयी विचारलेले नाही.

पैशाचा व्यवहार मला पाहताक्षणी आवडला. शुल्क नाही, वर्गणी नाही. एक पिशवी फिरते, ज्याला वाटेल तो काही टाकतो. सातव्या परंपरेनुसार बाहेरच्या देणग्या घेतल्या जात नाहीत. जिथे क्रिकेटच्या स्पर्धेपासून भजनी सप्ताहापर्यंत प्रत्येक गोष्टीवर कोणा ना कोणा नेत्याचा फलक लागतो, त्या गोव्यात कोणाच्याही फोटोविना चालणारी ही एक गोष्ट आहे.

सारेच पटले असे नाही. गोळ्यांवर राहणे म्हणजे अजून पुरते न सोडणे, असा सूर एका जुन्या सभासदाने चहाच्या वेळी लावला. मला ते धोक्याचे वाटले. एएच्या स्वतःच्या पुस्तिकांत सभासदाने डॉक्टर होऊ नये असे स्पष्ट म्हटले आहे, आणि मी तसे त्यांना सांगितलेही. माझी डायसल्फिरामची गोळी डॉक्टरांनी वेळ पाहून थांबवली. ती एखाद्या चहाच्या टेबलाशी थांबली नाही. ज्याला गोळ्या चालू आहेत त्याने त्या सभेतल्या कोणाच्या शब्दाखातर बंद करू नयेत. आपण आयुष्यभर आजारीच, हे स्वतःला दर आठवड्याला सांगण्याची रीतही मला अजून जड जाते. ते म्हणतात त्यात तथ्य आहे, कारण नाक्यावरचा बार माझ्यासाठी कधीही साधे दुकान होणार नाही. पण एवढे एकच माझे नाव नव्हे असे मला वाटते, आणि मी ते तिथेही बोलून दाखवले. त्यावरही कोणी वाद घातला नाही. एएपेक्षा निराळ्या वाटाही आहेत हे मी पाहिले होते: मुंबईत वांद्र्याला सुरू होऊन गोव्यातही काम करणारे कृपा फाउंडेशन, पुण्याचे १९८६ सालचे मुक्तांगण, डॉक्टरांकडची नियमित भेट. यांतील निवासी केंद्रे मी असतो त्याहून आधीच्या टप्प्यावरच्या माणसाला अधिक उपयोगाची, असे माझे मत झाले. डॉक्टरांकडची भेट मी चालूच ठेवली आहे.

घरच्यांसाठी अल-अॅनन नावाचे निराळे मंडळ १९५१ पासून आहे, हे कळल्यावर मी बायकोला विचारले. ती भाजी निवडत होती. “इतकी वर्षे तुमच्या दारूपायी माझ्या संध्याकाळी गेल्या,” ती म्हणाली, “आता तिच्यासाठी आणखी एक देणार नाही.” मी पुन्हा विचारले नाही. काही महिन्यांनी तिने स्वतःहून, त्या सभांना बायका काय बोलतात, असे विचारले, आणि मी मला ठाऊक होते तेवढे सांगितले. ती अजून गेलेली नाही.

मीही अजून पुरता आत गेलो आहे असे म्हणवत नाही. सभेला नेमाने जातो, खुर्च्या रचून ठेवण्याचे काम माझ्याकडे आले आहे. चौथ्या पायरीत स्वतःच्या वागण्याचा लेखी हिशेब मांडायचा असतो आणि पाचवीत तो दुसऱ्या एका माणसाला वाचून दाखवायचा असतो. तिथवर मी पोहोचलेलो नाही. त्यासाठी स्पॉन्सर, म्हणजे आपल्या आधी ही वाट चाललेला एखादा जुना सभासद, धरावा लागतो. आमच्या तालुक्यातल्या त्या गृहस्थांना मी विचारले, तेव्हा त्यांनी, आपण एकाच देवस्थानाचे, उद्या महाजनांच्या, म्हणजे देवस्थानाच्या मानकरी सभासदांच्या, बैठकीत समोरासमोर बसायचे आहे, तेव्हा दुसरा कोणी पाहा, असे सांगितले. मला ते योग्य वाटले. त्यांचा फोन मात्र रात्री कितीही वाजता लावावा, असे ठरले आहे, आणि मी तो लावलाही आहे.

या वर्षी जत्रेच्या नाटकात मी पुन्हा काम करतो आहे. तालमीचा वार नेमका सभेचाच निघाला. दिग्दर्शकाला मी वार बदलता येईल का असे विचारले, त्याने कारण विचारले, आणि अग्रशाळेच्या ओसरीवर चारचौघांसमोर मी ते सांगितले. कोणी तरी खाकरले. दिग्दर्शकाने वहीत वार खोडून शुक्रवार लिहिला आणि म्हणाला, “ठीक आहे, पण शुक्रवारी साडेसातला म्हणजे साडेसातला. पूर्वी तू कधी वेळेवर येत नसायचास.”